तापानंतरचे दुखणे

ताप उतरला की आजार संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रोगी अंथरुणातून उठला, चार घास जेवू लागला, म्हणजे घरची माणसे निश्चिंत होतात. परंतु काही आजार असे असतात की, ताप निघून गेल्यावरही त्यांचा त्रास मागे उरतो. चिकुनगुन्या हा अशा आजारांपैकी एक होय.

हे नाव मूळचे आफ्रिकेतील. ज्या प्रदेशाला आज टांझानिया म्हणतात, त्याच्या दक्षिण भागात 1952 साली या तापाची साथ आली. सांधे इतके दुखत की, रोग्यांना ताठ उभे राहता येईना. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेत ‘वाकवून टाकणारा’ अशा अर्थाचा जो शब्द होता, तोच या रोगाचे नाव बनला. भारतात 1963 साली कोलकात्यात हा रोग आढळला. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ पसरली. पुढे सुमारे तीस वर्षे लोक त्याला जवळजवळ विसरून गेले. पण 2005 साली तो पुन्हा प्रकटला, आणि 2006 साली देशभरात 10 लाखांहून अधिक संशयित रोग्यांची नोंद झाली.

या रोगाचा विषाणू एडिस जातीच्या डासांमार्फत पसरतो. हे डास मुख्यतः दिवसा चावतात. ताप बहुधा आठवड्याभरात उतरतो, आणि पुष्कळ रोगी लवकरच पूर्ववत होतात. काहींची सांधेदुखी मात्र महिनोनमहिने, क्वचित वर्षानुवर्षेही टिकते. कारण विषाणूशी झुंजताना सांध्यांत निर्माण झालेला दाह लगेच शमत नाही. वृद्धांना हा त्रास अधिक काळ सोसावा लागतो.

अशा रोग्याला सकाळ विशेष जड जाते. बोटे, मनगटे व घोटे आखडलेले असतात. भाकरी थापणाऱ्या हाताला पीठ मळवत नाही. कापणी करणाऱ्या मुठीत विळा ठरत नाही. शिंप्याच्या बोटांना सुई धरवत नाही. ऊन वर आले की सांधे थोडे सैल होतात, आणि रोगी हिंडूफिरू लागतो. मग शेजारी म्हणतात, “सकाळी कण्हत होता, आणि आता चालतो आहे. हे कसले दुखणे?” जखम डोळ्यांना दिसते, वेदना दिसत नाही. कामचुकार ठरवले जाण्याचे दुःख रोग्याला सांध्यांच्या दुखण्याइतकेच टोचते.

2020 साली जगभर पसरलेल्या करोनाच्या साथीनंतरही असेच घडले. कित्येकांना बरे झाल्यावरही थकवा, धाप आणि विस्मरण यांनी अनेक महिने ग्रासले. पुढे 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची व्याख्या केली. दुखणे दिसत नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही, हे त्यामुळे अधिक स्पष्ट झाले.

अशा दुखण्यात घाई उपयोगाची नसते. बरे वाटले त्या दिवशी साचलेले सारे काम उरकू पाहणारा रोगी दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण धरतो. यास्तव कामाचे लहान लहान वाटे करावेत, मधून मधून विसावा घ्यावा. सांधे अगदीच निश्चल ठेवले तर ते अधिक आखडतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हलका व्यायाम करावा, आणि औषधही त्यांनाच विचारून घ्यावे. बहुतेकांचे दुखणे हळूहळू ओसरते.

घरातील मुलांनाही यात पुष्कळ करता येते. डास साठवलेल्या पाण्याच्या भांड्यांत अंडी घालतात. म्हणून पिंपे व रांजण आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करता येतात. आजीची भरलेली कळशी उचलता येते, डब्याचे घट्ट झाकण उघडून देता येते. याहून मोलाचे असे एक काम आहे, आणि त्याला बळ लागत नाही. “आज कसे वाटते?” असे आस्थेने विचारावे, आणि “दुखते आहे” असे उत्तर आले, तर ते खरे मानावे.