ट्रॅक्टरला पट्ट्याची पुली

आमच्या आजोबांचा करडा फर्ग्युसन ट्रॅक्टर अजून चालतो. टी. ई. २० हा नमुना १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कोव्हेंट्री येथे बनत असे. ज्वारीची मळणी त्याच्यावर करायची ठरली, आणि नेमके आभाळ भरून आले. अण्णांनी माळ्यावरची पुली काढली. मी पाने द्यायला होतो.

ट्रॅक्टरच्या मागे जो दांडा फिरतो त्याला पी. टी. ओ. म्हणतात. तो ट्रॅक्टरच्या लांबीत असतो, पुलीचा आस मात्र आडवा लागतो. म्हणून पुलीच्या डब्यात शंकूच्या आकाराची दोन दातेरी चाके असतात. ती गती काटकोनात वळवतात. डब्यात तेल आहे ना, हे अण्णांनी अगोदर पाहिले. इंजिन बंद ठेवून दांड्यावरचे टोपण काढले, खाचा जुळवून डबा बसवला, नट आवळले.

पट्टा दोनदा सुटला. मला वाटले, सैल असेल. अण्णा म्हणाले, "सैल न्हाई रं, पुल्या एका रेषेत न्हाईत." सुतळी ताणली, तर ट्रॅक्टर चार बोटे तिरका! मग यंत्र उलटे फिरू लागले. पट्ट्याला एक पीळ देऊन आठाच्या आकड्यासारखा चढवला, तेव्हा सुलटे झाले.

वेगाचे गणित सोपे आहे. समजा, ९ इंची पुलीने १००० फेरे घेतले, तर १८ इंची पुली ५०० घेते.

सुरू करताना अण्णांनी धोतराचा सोगा घट्ट खोचला आणि मला बांधावर पिटाळले. पाऊस रात्री आला. तोवर ज्वारी घरात होती.