यंत्राचा डोळा

वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात रिठद हे गाव आहे. या जिल्ह्यात सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके होत. काही शेतकरी कपाशीही लावतात. कपाशीचा मोठा शत्रू म्हणजे गुलाबी बोंडअळी. २०१७ साली विदर्भात तिने फार नुकसान केले. ही अळी एकदा बोंडात शिरली, की बाहेरून दिसत नाही आणि फवारलेले औषधही तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून तिचे पतंग उडू लागताच सावध व्हावे लागते.

यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधासारख्या गंधाने भुलून नर पतंग त्यांत सापडतात. ते रोज मोजावयाचे. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळले, तर उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात.

ही मोजणी आता यंत्रही करू लागले आहे. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने कापूस पिकविणाऱ्यांसाठी तशी सोय तयार केली. पतंगांचे छायाचित्र मोबाइलवर काढले, की यंत्र ते मोजते व सल्ला देते. यंत्राला ही दृष्टी कोठून आली? जाणत्या माणसांनी खुणा केलेली पुष्कळ छायाचित्रे त्याला दाखविली, तेव्हा ते पतंग ओळखण्यास शिकले. या विद्येस कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली हे नाव योजिले.

हीच विद्या आज अर्जाचा मसुदा लिहिते, भाषांतर करते, हिशेब मांडते. परगावच्या व्यापाऱ्याचे इंग्रजी पत्र लहान दुकानदारालाही घरबसल्या समजते. परंतु नकला करणे, आकडे उतरविणे अशा कामांवर ज्यांचे पोट चालते, त्यांना नवे काम शिकणे भाग पडेल. आणि ते सोपे नाही.

शिवाय यंत्र चुकतेही. छायाचित्र अंधूक असेल, तर ९ पतंगांचे ५ होतील व फवारणी लांबेल. ५ चे ९ झाले, तर औषधाचा पैसा व्यर्थ जाईल. दोन्ही वेळी तोटा शेतकऱ्याचा. यंत्राचे काहीच जात नाही. म्हणून सापळा स्वतः पाहणे, काही हिरवी बोंडे फोडून आत अळी आहे का ते तपासणे आणि मग निर्णय घेणे, हे माणसाचेच काम होय.

ज्याला स्वतः मोजता येते, त्यालाच यंत्राची चूक ओळखता येते. यंत्राच्या युगातही गणित, वाचन व निरीक्षण शिकावयाचे, ते याचसाठी.

स्वाध्याय
१. बोंडअळीचे पतंग का मोजावे लागतात?
२. यंत्र पतंग ओळखण्यास कसे शिकते?
३. तुमच्या गावातील कोणते काम यंत्र करू शकेल व कोणते करू शकणार नाही? कारणे द्या.