"का यायचंय तुम्हाला?" या प्रश्नाचं उत्तर तयार आहे का?



आजचा धडा जरा वेगळ्या ठिकाणाहून घेऊ. कॉलेजात 'मॉडेल युनायटेड नेशन्स' नावाची परिषद भरते. मुलं तिला एमयूएन म्हणतात. ही संयुक्त राष्ट्रांच्या सभेची तालीमच. प्रत्येकाला एक देश मिळतो. दोन-तीन दिवस त्या देशाच्या वतीनं बोलायचं, वाटाघाटी करायच्या, ठराव लिहायचा आणि मतदानाला टाकायचा. प्रकार जुना आहे. संयुक्त राष्ट्रं १९४५ मध्ये स्थापन झाली, पण त्याआधीच्या राष्ट्रसंघाच्या अशा नकली सभा अमेरिकेतल्या विद्यापीठांत १९२०च्या दशकातही भरायच्या.

तुम्ही म्हणाल, "सर, आम्हाला मसाल्याचा धंदा काढायचाय, आमचा काय संबंध?" संबंध आहे. नाव नोंदवताना अर्जात बऱ्याचदा एक प्रश्न असतो: तुम्हाला यात भाग का घ्यायचा आहे? मुद्रा कर्जाला गेलात की बँकेतले साहेबही हेच विचारतात, "हाच धंदा का?"

दोन उत्तरं बघा

पहिला विद्यार्थी लिहितो: "मला आंतरराष्ट्रीय राजकारणाची आवड आहे. माझा आत्मविश्वास वाढेल. प्रमाणपत्र मिळेल." यात खोटं काही नाही. पण हे उत्तर कुणाच्याही अर्जावर चिकटवता येतं.

दुसरी लिहिते: "मी वर्गात बोलते, पण कुणी विरोध केला की गप्प बसते. मला न पटणाऱ्या माणसासोबत बसून एक कागद पूर्ण करायला शिकायचंय. मी हवामान बदलावर वाचलंय, ते गटाच्या कामी येईल."

हिला काय येत नाही, काय शिकायचंय आणि ती सोबत काय आणतेय, तिन्ही कळलं. निवडायला बसलात तर तुम्ही कुणाला घ्याल?

छोट्याची ताकद कुठे असते

आता समजा तिला तुवालू हा देश मिळाला. प्रशांत महासागरातली बेटं, लोकसंख्या साधारण ११ हजार, जमीन समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच. सैन्य नाही, मोठा पैसा नाही. पण महासभेत १९३ देश आहेत आणि प्रत्येकाला एकच मत. तुवालूचं मत चीनच्या मताइतकंच मोजलं जातं.

एकट्या मतानं भागत नाही, हेही खरं. म्हणून १९९० मध्ये छोट्या बेटांच्या देशांनी आपली एक आघाडी केली. तापमानवाढीची चर्चा २ अंशांभोवती फिरत असताना हे देश १.५ अंशांवर अडून बसले. त्यांचं 'का' साधं होतं: पाणी वाढलं तर आमची घरं जातील. २०१५च्या पॅरिस करारात १.५ अंशांचा उल्लेख आला. आता आकडा कागदावर आला म्हणजे काम झालं असं नाही. ऑर्डर मिळाली म्हणजे पैसे हातात आले असं कुठे असतं? पण टेबलावर जागा मिळाली, ती स्पष्ट कारण आणि एकी यांच्या जोरावर.

आपलंही तेच आहे. एकटा किराणावाला होलसेलरकडे दर मागायला गेला तर चहा मिळेल. दहा जण एकत्र ऑर्डर घेऊन गेले तर दराची बोलणी सुरू होतील.

परिषदेत खरं काम कधी होतं?

भाषणात कमी, मधल्या वेळात जास्त. मुलं खुर्च्या सोडून घोळके करतात, मसुदा लिहितात, पाठिंब्याच्या सह्या गोळा करतात. तिथे "माझा देश म्हणतो" एवढ्यानं सही मिळत नाही. "तुझ्या देशाला यातून काय मिळेल" हे सांगावं लागतं. ग्राहक, सप्लायर, बँक, तिघांशी बोलताना हीच सवय लागते.

आजचा गृहपाठ

वही काढा आणि तीन ओळी लिहा:

१. कुणाची कोणती अडचण मी सोडवतोय?
२. माझ्याकडे त्यासाठी आत्ता काय आहे, आणि काय शिकायचं बाकी आहे?
३. समोरच्याचा यात फायदा काय?

"मला स्वयंपाकाची आवड आहे" इथे थांबू नका. "एमआयडीसीतल्या रात्रपाळीच्या कामगारांना गरम जेवण लागतं. मला रोज ४० डबे करता येतात, हिशोब ठेवायला शिकतेय. कंपनीला कँटीन चालवायचा खर्च नाही." हे झालं उत्तर.

लिहून झालं की घरात ज्याला तुमचा धंदा पटत नाही, त्यालाच वाचून दाखवा. तो जिथे अडवेल, तिथेच बँकेतले साहेब अडवणार आहेत. ती ओळ आधी दुरुस्त करा आणि मगच अर्ज भरा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.