ईस्टरच्या सकाळची सिगारेट



प्रायश्चित्तकाळ आला की आपल्यातील काही जण चाळीस दिवस बिडी-सिगारेट सोडतात आणि ईस्टरच्या सकाळी मिस्सा संपताच देवळाच्या फाटकाबाहेर पुन्हा पेटवतात. मी त्यांना हसत नाही, कारण मीही तेच केले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना लागलेली सिगारेट मी अकरा वर्षे ओढली. एका रात्री फुप्फुसाच्या आजाराने खिळलेल्या एका आजोबांना अभ्यंग संस्कार देऊन मी बाहेर आलो आणि त्यांच्याच अंगणात सिगारेट पेटवली. बोटांना पवित्र तेलाचा वास होता. खिडकीतून त्यांचा खोकला ऐकू येत होता. तरी मी ती शेवटपर्यंत ओढली.

जे करायचे नाही तेच हातून का घडते, हा संत पौलाचा प्रश्न (रोमकरांस पत्र, अध्याय ७) त्या रात्री मला माझा वाटला. संत ऑगस्टीन सवयीला साखळी म्हणतात. साखळी एका हिसक्याने तुटत नाही. तिच्या कड्या ओळखाव्या लागतात. इथे मुख्य कड्या दोन आहेत.

पहिली कडी शरीराची. धुरातील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. ते बंद झाले की चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते, कामात लक्ष लागत नाही. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. साधारण दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बहुतेक ओसरतो. म्हणजे ईस्टर येईपर्यंत शरीर बरेचसे सुटलेले असते! त्या सकाळची सिगारेट शरीर मागत नाही, मन मागते. चाळीस दिवस आपण तिला सोडलेले नसते, फक्त फाटकाबाहेर थांबवून ठेवलेले असते.

दुसरी कडी मनाची. चहा, जेवण, लग्नातील बैठक, एकटेपणा, घरातील भांडण, या प्रत्येकाशी सिगारेट जोडलेली असते. म्हणून नुसते सोडून चालत नाही, त्या जागी दुसरे काही ठेवावे लागते. ॲरिस्टॉटलचे म्हणणे हेच की सद्गुण ऐकून येत नाही, पुन्हा पुन्हा केल्याने अंगी मुरतो.

काय करावे?

१. एक तारीख ठरवा. आदल्या रात्री पाकीट, माचिस, ॲशट्रे घराबाहेर काढा.

२. घरातील एका माणसाला सांगा. गुपचूप सोडलेली सिगारेट गुपचूपच परत येते.

३. तलफ आली की घड्याळ बघा. ती बहुधा काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, विहिरीपर्यंत चालून या, एक ‘नमो मारिया’ सावकाश म्हणा. तंबाखू किंवा गुटखा मात्र तोंडात टाकू नका. ते साखळी बदलणे झाले.

४. पहिले काही आठवडे चहाची जागा बदला आणि दारूची बैठक टाळा.

५. मदत घ्या. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. निकोटिनचे च्युइंगम व इतर औषधे मिळतात. डॉक्टरांना विचारून ती घेण्यात कमीपणा नाही. ताप आला तर आपण प्रार्थनाही करतो आणि गोळीही घेतो.

घरच्यांना एक विनंती. पहिल्या आठवड्यात तो चिडेल, जेवणाला नावे ठेवील. टोमणे मारू नका. त्याचा एक जुना सोबती गेला आहे, असे समजा.

आणि एखादी ओढली गेलीच, तर ‘आता संपले सगळे’ म्हणून पाकीट विकत आणू नका. शरमेने माणूस लपतो, पश्चात्तापाने तो उठून परत घरी येतो. उधळ्या पुत्राला वाटेत किती वेळा ठेच लागली, हे पित्याने विचारले नाही. मी स्वतः तिसऱ्या प्रयत्नात सुटलो.

‘आता या वयात काय उपयोग?’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे: शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांतच नाडीचे ठोके कमी होऊ लागतात आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. बिडी किंवा ‘लाइट’ सिगारेट कमी घातक असते, हा गैरसमज आहे.

कॅथोलिक धर्मशिकवण (परिच्छेद २२९०) संयमाच्या संदर्भात तंबाखूचे नाव घेते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ पासून व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्री बंद केली. विक्रीतून होणारा नफा त्यांना माणसांच्या जीवापेक्षा मोठा वाटला नाही.

ते आजोबा पुढे देवाघरी गेले. माझा धूर त्यांच्या खिडकीतून आत गेला असेल का, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

कुटुंबात चर्चेसाठी:
– माझी तलफ कोणत्या वेळेशी, कोणत्या माणसाशी जोडलेली आहे?
– माझा धूर घरात कोणाच्या श्वासात जातो?
– सोडण्याची तारीख मी कोणाला सांगणार?

आपला,
प्रमुख धर्मगुरू