सुट्टीतली मुलं आणि आपलं चित्र

प्रश्न : मी जलरंगात काम करते. मे महिन्यात दोन्ही मुलं दिवसभर घरी, त्यामुळे माझं काम अडतं. त्यात उन्हाळ्यात रंगही भराभर सुकतात. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काम थांबवू नका, वेळ बदला. सकाळी सहा ते नऊ उजेड कोवळा असतो, हवेत गारवाही असतो. हे तीन तास तुमचे. तेवढा वेळ मुलांकडे घरातलं दुसरं कुणी पाहील, हे आधीच ठरवून टाका. ३०० जीएसएमचा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिक शीटवर अंथरा. ओल बराच वेळ टिकते आणि मोठं आकाशही एका दमात रंगवता येतं.

दुपारी मुलांना सोबत बसवा, पण त्यांचे रंग आणि ब्रश वेगळे ठेवा. कॅडमियम, कोबाल्ट असलेले रंग पोटात गेले तर घातक, ते त्यांच्या हाती देऊ नका. समोर आंबा ठेवा आणि देठाजवळचा हिरवा कुठे संपतो, पिवळा कुठे सुरू होतो, एवढंच विचारा. त्यांचं चित्र मात्र दुरुस्त करू नका.

आईचं चित्र काढणं हे खरं काम आहे, हे मुलांना या सुट्टीत रोज दिसू द्या.