बाटलीकडे नको, हाताकडे बघ

सलाईन सुरू झालं की वॉर्डात सगळ्यांच्या नजरा वर जातात. नातेवाईक बाटली किती उरली ते बघतात, पेशंट थेंब मोजत पडतो आणि तळ दिसायला लागला की चारी बाजूंनी हाका येतात, “सिस्टर, बाटली संपली!” पोरी, तू मात्र आधी हात बघायचा. बाटली रिकामी होऊन थोडा वेळ गेला तर सहसा फार बिघडत नाही. जेलकोभोवतीची, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीभोवतीची, कातडी लाल झाली, गरम लागायला लागली आणि ते कुणीच पाहिलं नाही, तर बिघडतं.

सुई हातात घेण्याआधी पेशंटशी दोन शब्द बोल. कामाचा हात कुठला ते विचार. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार येतात. त्यांचं पोट हातावर आहे. जमेल तेव्हा दुसऱ्या हाताच्या पुढच्या भागात, सांधा सोडून, सरळ शीर निवड. डायलिसिसचा फिस्टुला असलेल्या हाताला अजिबात हात लावायचा नाही. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही टाळ. जाड जेलको लावला म्हणजे आपण हुशार, असं काही नसतं. साध्या अँटिबायोटिकला निळा 22 नंबर पुरतो, रक्त द्यायचं असेल तर गुलाबी 20, अपघाताच्या पेशंटला हिरवा 18 किंवा त्याहून जाड. आणि बांगड्या आधी उतरवून घे. बाईला वाईट वाटतं, तिला नीट समजावून सांग. पण सलाईन शिरेबाहेर गेलं की हात फुगतो आणि काचेच्या बांगड्या मांसात रुततात.

कातडी पुसलीस की सुकू दे. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43 च्या पुढे जातो, वॉर्डातला पंखा गरम हवा फेकतो, पेशंट घामाने निथळत असतो. अशा वेळी आधी घाम कोरडा कर, मग क्लोरहेक्सिडिन किंवा स्पिरिट लाव आणि अर्धा मिनिट थांब. फुंकर घालायची नाही. पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. हातमोजे घातले म्हणजे हात धुतले असं होत नाही, हे तर तुला कॉलेजातच शिकवलंय. घामाने चिकटपट्टी सुटते म्हणून काही जणी वरून बँडेज गुंडाळून टाकतात. तसं करू नकोस, त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. पारदर्शक ड्रेसिंग मिळालं तर उत्तम. नाही तर सुई शिरली तिथे छोटं निर्जंतुक गॉज ठेव आणि वरची बाजू बघता येईल अशी पट्टी लाव. पट्टीवर तारीख आणि वेळ लिही.

लावण्यापेक्षा सांभाळणं अवघड. जेलकोचं बूच म्हणजे घराचं दार; दिवसातून ते जितक्या वेळा उघडशील, तितक्या वेळा जंतूंना आत जायची संधी. म्हणून प्रत्येक इंजेक्शनआधी बूच आणि थ्री-वेचं तोंड स्पिरिटने चांगलं 15 सेकंद घासायचं आणि सुकू द्यायचं. रात्रपाळीत चाळीस पेशंट असताना हे 15 सेकंद कुठून आणायचे, असं तू म्हणशील. दुसरं काहीतरी राहू दे, हे राहू देऊ नकोस. फ्लश करताना अडलं तर जोर लावायचा नाही. अडकलेली गुठळी पुढे ढकलण्यापेक्षा जेलको बदललेला बरा.

एक सवय मला मुळीच खपत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला हवा जावी म्हणून वर सुई खुपसून ठेवायची. त्या भोकातून वॉर्डाची हवा बाटलीत जाते. दाबली जाणारी बाटली आपोआप आकसते. हवा लागणारी बाटली असेल तर फिल्टरचा एअर व्हेंट असलेला सेट माग.

आपल्या वॉर्डात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारे पेशंट असतात. आग होतेय हे ते आपापल्या भाषेत सांगतात. कुणी ‘मंटा’ म्हणेल, कुणी ‘उरी’, कुणी ‘जलन’. यातलं काहीही कानावर आलं की रोलर बंद कर आणि हात बघ, दुसऱ्या हाताशी ताडून बघ. कॅल्शियम, नॉरॲड्रेनलिन, फेनिटॉइनसारखं औषध बाहेर गेलं असेल तर जेलको लगेच ओढून काढू नकोस. सेट सोडव, सिरिंजने जेवढं मागे येईल तेवढं ओढ, सुजेची कड पेनने आखून ठेव, हात उंच कर आणि डॉक्टरांना बोलाव. शेक गरम की थंड हे औषधावर ठरतं, ते विचारूनच दे.

पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल कधीही सरळ शिरेत नाही. हृदय बंद पडतं. तिच्या 10 मि.ली.मध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असतं, म्हणजे 500 च्या बाटलीत एकच. टांगलेल्या बाटलीत घालू नकोस, ते खाली साचतं. उतरवून घाल, बाटली आठ-दहा वेळा उलटीपालटी कर, लेबल लाव आणि दुसऱ्या सिस्टरला दाखव. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये नाही. रक्ताबरोबर फक्त नॉर्मल सलाईन.

थेंबांचा हिशोब पाकीट वाचून कर. एका मि.ली.ला 20 थेंबांचा सेट असेल तर 500 मि.ली. चार तासांत जायला मिनिटाला 42 थेंब लागतात. 15 चा असेल तर 31. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोज. लवकर संपावं म्हणून नातेवाईक रोलर फिरवतात, त्यांना आधीच सांगून ठेव.

आषाढीला पंढरपुरात ड्युटी लागली तर हे जास्तच लक्षात ठेव. दिवसेंदिवस चालून आलेला सत्तरीचा वारकरी म्हणतो, “माय, एक बाटली लाव, अशक्तपणा आलाय.” शुद्धीत आहे, उलटी नाही, तोंडाने पितोय, तर त्याला ओआरएस पाज. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना हेच पाजून हजारोंचे जीव वाचवले. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 च्या बाटलीत फक्त 25 ग्रॅम साखर असते. त्याने अशक्तपणा जात नाही. आणि म्हाताऱ्या हृदयात भराभर पाणी भरलं तर धाप लागते. सलाईन लावावंच लागलं तर दर थोड्या वेळाने श्वास बघ, पायांची सूज बघ, लघवी झाली का ते विचार.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नकोस. ती सरळ पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सेट आणि बाटली लाल पिशवीत. काचेची ॲम्प्यूल निळ्या खोक्यात. सुई टोचलीच तर बोट तोंडात घालायचं नाही, पिळायचं नाही. साबण-पाण्याने धुवून लगेच कळव. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हायला हवी. लाजून लपवू नकोस, त्यात तुझा काही दोष नाही.

आणि रोज सकाळी राउंडला डॉक्टरांना विचार: “सर, या पेशंटला जेलको अजून लागतो का?” औषधं तोंडाने सुरू झाली, तरी जेलको दोन-दोन दिवस हातात राहतो, कारण विचारणारं कोणी नसतं. ते तू विचार. नको म्हणाले की त्याच तासाला काढ, टोक अख्खं आलं का बघ, दोन-तीन मिनिटं दाबून धर आणि केसपेपरवर वेळ लिही.