थंडीत पहाटे फिरायला जाताय? जरा थांबा

डिसेंबर लागला की दवाखान्यात खोकल्याचे पेशंट वाढतात. त्यांत पहाटे पाचला नेमाने फिरायला जाणारे बरेच असतात. “डॉक्टर, एवढी छान गार हवा, तरी छाती का भरते?” असं ते विचारतात. कारण मुंबईत थंडीच्या दिवसांत पहाटेची हवाच अनेकदा सगळ्यांत खराब असते.

दिवसा खारे वारे शहरातली धूळ आणि धूर हटवतात. पण हिवाळ्यात ते उशिरा, बहुधा दुपारीच सुटतात. रात्री वाहतात ते जमिनीवरचे मंद मतलई वारे. शिवाय जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. गाड्या, बांधकामं, लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या पावसाळ्यातही असतातच. तेव्हा वारा-पाऊस कण धुऊन नेतो, आता ते आपल्या नाकाच्या उंचीवर साचतात. 2022-23 च्या हिवाळ्यात तर काही दिवस मुंबईची हवा दिल्लीपेक्षा वाईट नोंदली गेली.

यातले 2.5 मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात आणि हृदयालाही त्रास देतात. हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या ‘समीर’ अ‍ॅपवर घराजवळच्या केंद्राचा आकडा जरूर बघा, पण ‘समाधानकारक’ या शब्दावर विसंबू नका. या बारीक कणांचं प्रमाण घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असलं तरी आपल्याकडे हवा समाधानकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा 15 आहे. दमेकरी, हृदयरोगी, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी हा फरक मोठा आहे.

म्हणून फिरणं बंद करू नका, वेळ बदला. वारा सुटल्यावर, दुपारी चारच्या सुमारास, हमरस्ता सोडून चाला. खिडक्याही तेव्हाच उघडा. पहाटे निघणं भागच असेल तर नाकाला घट्ट बसणारा एन-95 मास्क लावा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. घरात झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, मच्छर कॉइल टाळा. सोसायटीत पाला जाळू देऊ नका, आणि वॉचमनला शेकोटी करावी लागू नये म्हणून चांगलं ब्लँकेट द्या. रात्रभर तो धूर त्याच्याच छातीत जातो.

बरं वाटतंय म्हणून रोजचा इनहेलर मनाने सोडू नका. बोलताना धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.